साठच्या खाली

माझ्या यादीत हृदयाच्या एका पेशंटला वीस मिनिटं होती. त्यांना दोन तास लागायचे. आमचं सगळं भांडण एवढंच होतं, आणि ते अकरा वर्षं चाललं.

जालन्यातल्या एका तपासणी केंद्रात मी अपॉइंटमेंट आणि एकूण व्यवस्था बघते. कोण किती वाजता येणार, उपाशी येणार की खाऊन, कुणाचा रिपोर्ट कुठल्या पाकिटात, जनरेटरला डिझेल आहे का, पाण्याचा टँकर सांगितला का, हे सगळं माझ्या डायरीत असतं. काम झालं की मी त्या ओळीवर रेघ मारते. संध्याकाळी सगळं पान रेघांनी भरलं की मला बरं वाटतं. ते आमच्याकडे सीटी स्कॅनचे टेक्निशियन होते, आणि त्यांच्यामुळे माझ्या पानावर रोज एकदोन ओळी रेघेवाचून राहायच्या.

डोक्याचा, पोटाचा, मणक्याचा स्कॅन ते चारचौघांसारखाच करायचे. हृदयाचा आला की मात्र त्यांचं घड्याळ बंद पडायचं. पेशंटची नाडी मिनिटाला साठच्या खाली उतरल्याशिवाय ते मशीन सुरू करायचे नाहीत. एकसष्टलाही नाही. नाडी उतरवायची गोळी डॉक्टर लिहून देतात, ती सगळीकडेच देतात. गोळी देऊन तासभर थांबायचं आणि जेवढी उतरेल तेवढ्यावर भागवायचं, अशी बाकीच्यांची पद्धत. हे भागवायचे नाहीत. म्हणून स्टाफ त्यांना पाठीमागे ‘साठवाले’ म्हणायला लागला. पुढे पुढे तोंडावरही. त्यांनी कधी तक्रार केली नाही. खरं तर ‘साठवाले सर’ अशी हाक आली की ते जरा लवकर मागे वळायचे.

मशीनच्या खोलीला लागून एक छोटी खोली होती. ती आधी माझी होती. तिथं मी रिपोर्टची पाकिटं, फिल्मचे खोके आणि दिवाळीच्या माळा ठेवायचे. ते रुजू झाल्यावर महिनाभरात, एका सोमवारी, मी आले तर माझे खोके जिन्याखाली गेलेले आणि खोलीत एक खाट, एक माठ, एक स्टूल आणि हिरवा पडदा. भिंतीवरचं घड्याळ काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलेलं.

“हे काय, सर?”

“घड्याळ बघून नाडी पळती, मॅडम. तुमच्याकडंच बरंय ते.”

दारात त्यांनी स्टीलचा एक डबा ठेवला होता, पोळ्यांचा असतो तसा. पेशंटनं मोबाईल त्यात टाकायचा. नातेवाइकांनी बाहेर. आमच्याकडे हे सोपं नाही. एक माणूस तपासायला आला की त्याच्याबरोबर भाऊ, मेहुणा, गावातला एक जाणकार आणि एक उगीचच, असे चार जण येतात, आणि चौघंही त्याला धीर देत असतात.

“तुमच्या धीरानंच ह्यांची ऐंशी झालीय,” असं सांगून ते चौघांना चहाला पाठवायचे.

मग खाटेवर पडलेल्या माणसाच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावायचे, स्टुलावर बसायचे आणि एकच गोष्ट सांगायचे. “घरापासून विहिरीपर्यंत चालत चला. मला दाखवत चला.”

माझं टेबल पडद्यापासून पाच पावलांवर. त्यामुळे अकरा वर्षांत मी किती विहिरींपर्यंत जाऊन आले, याची मोजदाद नाही.

“निघालो घरून.”

“मंग?”

“मंग वट्यावर चपला घातल्या.”

“मंग?”

“मंग बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. गल्लीतनं खाली गेलो. तिथं चिखल आहे.”

“मंग?”

“मंग चिखलाच्या कडंकडंनं...”

विहिरीपर्यंत फार थोडे पोचायचे. चिंचेखाली, नाहीतर बांधावर कुठंतरी आवाज जड व्हायचा आणि चिमट्यावर अठ्ठावन्न दिसायचं. ते स्वतः ‘मंग’पलीकडे काही बोलायचे नाहीत. पण तो ‘मंग’ असा काही विचारायचे, की पुढचं पाऊल टाकल्यावाचून माणसाला राहवत नसे.

जुन्या जालन्यातली एक म्हातारी खाला मात्र अडून बसली. “कौनसी विहीर, बेटा? हमारे यहां नल है. वो भी आठ दिन को आता.”

“मंग नळापर्यंत चला, खाला.”

“नल तक गई तो नाडी और चढती. वहां पडोसन खडी रहती!”

ते मोठ्यानं हसल्याचं मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. शेवटी खाला बैलगाडीतून माहेरी गेली आणि पंचावन्नवर आली.

मी सुरुवातीला ही सगळी थेरं समजत होते. एकदा सरळच विचारलं, “नाडी ऐंशी असताना स्कॅन होतच नाही का?”

“होतो की.”

“मग हे कशासाठी?”

ते जेवत होते. त्या छोट्या खोलीतच, खाटेच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून. दोन भाकरी, ठेचा, कधी वांग्याची भाजी. आम्ही सगळे मागच्या व्हरांड्यात एकत्र डबे उघडायचो. त्यांना पहिले काही महिने बोलावलं, मग सोडून दिलं.

“पाळण्यातल्या लेकराचा फोटो काढलाय का कधी?” त्यांनी विचारलं. “पाळणा हळू असला, की टोकाला जाऊन जरासा थांबतो. तेवढ्यात काढायचा. एक फोटो, काम खतम. जोरात असला तर थांबल्यासारखा वाटतच न्हाई. मंग सारखं बटण दाबत बसायचं, आणि नंतर त्यातला बरा निवडायचा. काळीज बी तसंच. हळू चाललं की दोन ठोक्यांच्या मधी स्थिर असतं. मशीन तेवढ्यापुरतं चालू, बाकी वेळ बंद. जोरात असलं तर चालूच ठेवावं लागतं. फोटो दोन्हीकडून मिळतो, मॅडम. पण बाकीचे किरण कुणाच्या अंगावर पडले?”

“नियमात बसतात ना पण?”

“बिलकुल बसतात. लागत नसताना कशाला द्यायचे?”

त्यांच्या शर्टाच्या खिशात शिंप्याची टेप असायची. पेशंटची छाती ते टेपनं मोजायचे आणि अंगाप्रमाणे मशीनची ताकद कमी-जास्त करायचे. “बारक्या अंगाला जाड्याचं माप कशाला?” काळजाचा स्कॅन आहे म्हटल्यावर काळजाच्या वर बोटभर आणि खाली बोटभर, त्यापलीकडे जायचे नाहीत. स्कॅन झाल्यावर पडद्यावर किरणांचा एक आकडा येतो. तो ते रिपोर्टच्या पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहायचे. ‘आज अंगावर पडलेले किरण’ आणि पुढे आकडा. ‘पुढच्या वेळी दाखवा.’ एक आजी ते पाकीट घेऊन दुसऱ्या दिवशी परत आल्या. हे औषध जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर, हे विचारायला.

पण कुणी ते पाकीट दाखवायला आणलं असं मी कधी बघितलं नाही. मी त्यांना तसं म्हटलंही.

“कसं आणतील?” ते म्हणाले. “कुणाला तरी वीस वर्षांनी काहीतरी व्हणार होतं, ते झालं न्हाई. त्यो माणूस कशाला इकडं येईल? त्याला तरी कुठं माहीत आहे? मला बी माहीत न्हाई.”

हे ते दुःखानं बोलले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडता मोडता बोलले. मला मात्र त्या संध्याकाळी डायरी बंद करताना ते आठवलं. माझ्या कामावर मला रेघ मारता येते. ह्या माणसाला एकाही ओळीवर कधी रेघ मारता आली नसणार.

ते जुन्या जालन्यात राहायचे, एका धान्याच्या गोदामावरच्या खोलीत. गाव कुंभार पिंपळगावच्या पलीकडे कुठंतरी. लग्न झालं होतं की नाही, हे मला अकरा वर्षांत कळलं नाही. त्यांचा फोन वाजलेला मी ऐकला नाही. रविवारी केंद्र बंद असायचं, पण ते यायचे. मशीनमध्ये पाण्याचा एक ठरावीक डबा ठेवून त्याचा स्कॅन करायचे, आकडे बरोबर येतात का ते बघायला. ते काम खरं तर पंधरा मिनिटांचं. वॉचमन सांगायचा, दुपारपर्यंत बसतात म्हणून.

दर एप्रिलमध्ये मी स्टाफचे फॉर्म भरून घेते. त्यात एक रकाना असतो, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं. त्यांचा तो रकाना दरवर्षी रिकामा यायचा आणि मी दरवर्षी परत पाठवायचे. चौथ्या वर्षी त्यांनी एक नंबर लिहिला. फॉर्म फायलीला लावताना माझ्या लक्षात आलं, तो माझ्या टेबलावरच्या लँडलाइनचा होता.

“सर, हा आपलाच नंबर आहे.”

“हां.”

“इथं घरच्यांचा लिहायचा असतो. जो उचलतील असा.”

“ह्यो उचलला जातो की,” ते म्हणाले. “नऊच्या ठोक्याला तुम्ही बसलेल्या असता.”

मी फॉर्म तसाच लावून टाकला. त्या रकान्याला दुसरं काय करायचं, हे मला सुचलं नाही.

आमचे डॉक्टर, केंद्राचे मालक, वाईट माणूस नाहीत. त्यांनी बरीच वर्षं सोसलं. पण गेल्या दोनतीन वर्षांत हृदयाचे स्कॅन वाढले, आणि बाकावर माणसं ताटकळायला लागली. परतूर, आष्टीकडून पहाटे निघालेली माणसं दुपारी तीनपर्यंत उपाशी. मी स्वतः डॉक्टरांकडे गेले होते. हे लिहायला मला आवडत नाही, पण गेले होते. डॉक्टरांनी त्यांना बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं.

“बाहेर दहा जण बसलेत. त्यांनाही काळीज आहे. तुम्ही एकाचं जपता आणि दहा जणांचं ताटकळत ठेवता.”

ते खिशातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळत राहिले.

“पासष्टला घ्या, सत्तरला घ्या. सगळे घेतात. मशीन नीट आहे, तुमचा हात नीट आहे. एक तारखेपासून ती खोली सोनोग्राफीला लागणार. पेशंटला अर्धा तास. जमेल?”

“बघतो,” ते म्हणाले.

नव्या पद्धतीचं वेळापत्रक मीच तयार केलं, आणि सहीसाठी मीच त्यांच्याकडे घेऊन गेले. ते खाटेवर बसले होते. कागद त्यांनी दोनदा वाचला. सही केली नाही. त्याऐवजी विचारलं, “आपल्या मशीनमधला आवाज ऐकलाय ना?”

ऐकला होता. सगळ्यांनीच. स्कॅनच्या वेळी पेशंटला दम धरून ठेवावा लागतो. तशा सूचना मशीनमध्ये आधीच भरलेल्या असतात, पण त्यांनी रुजू झाल्या झाल्या त्या पुसून स्वतःच्या आवाजात भरल्या होत्या. ‘हां, आता दम घ्या. बास. धरा. हालू नका. सोडा आता.’ आम्हाला वाटायचं, हौस.

“मी पहिल्यांदा लागलो ना कामाला,” ते म्हणाले, “दुसऱ्या गावाला, तिथलं मशीन इंग्रजीत बोलायचं. बाईचा आवाज. एक म्हातारी आल्ती आष्टीकडची. बाहेर गर्दी होती. मी तिला काही सांगितलं न्हाई, घेतलं टेबलावर आणि केलं चालू. मशीन बोललं, की ही म्हणायची, ‘ओ!’ कुणीतरी बाई बोलावून राह्यली, मंग ओ द्यायला नको का? परत मशीन बोललं, परत ही, ‘ओ, काय म्हणता बाई?’ सगळे फोटो हालले. मी वरडलो तिच्यावर. परत केला स्कॅन. नाडी शंभरवर गेल्ती तिची, माझ्या वरडण्यानं. मशीन सगळा वेळ चालू. दुप्पट, तिप्पट, किती पडले असतील तिच्या अंगावर.”

त्यांनी कागद मांडीवर उलटा ठेवला.

“खाली उतरली आणि हात जोडले तिनं. म्हणली, ‘चुकलं बाबा माझं. तुमच्या बाईला सांगा, मला आतून समजलं न्हाई.’”

त्यांनी वेळापत्रकाचा कागद घडी करून माझ्या हातात दिला.

“चूक माझी, मॅडम. माफी तिनं मागितली. पुढं तिचं काय झालं, माहीत न्हाई. काहीच झालं नसंल. पण मला माहीत न्हाई.”

एक तारखेला नऊ दिवस होते. मी वेळापत्रक डायरीत ठेवलं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, पावणेदहाला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. धान्याच्या गोदामातला हमाल बोलत होता. “तुमचा एक माणूस जिन्यात बसलाय, छाती धरून. त्याच्या पाकिटात ह्योच नंबर लिहिलेला हाय. घरचेच ना तुम्ही?”

“हो,” मी म्हणाले. यादीतली बाकीची माणसं थांबवली, रिक्षा केली आणि जुन्या जालन्यात गेले.

जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं. झटका नव्हता. पण तिथल्या डॉक्टरांनी हृदयाचा सीटी करून घ्यायला सांगितलं, आणि आम्ही दुपारी आमच्याच केंद्रात आलो. आमच्याकडे एक नवीन टेक्निशियन बाई लागल्या होत्या, संभाजीनगरला शिकलेल्या, कामात चोख. त्यांनी नाडी बघितली. ब्याण्णव. डॉक्टरांनी गोळी दिली. तासाभरानं ब्याऐंशी.

“सर, एवढ्यावर करून टाकते,” त्या म्हणाल्या. “मशीन सगळा वेळ चालू ठेवते, फोटो नक्की मिळेल.”

“न्हाई.”

“सर, तुम्हाला त्रास होतोय. एकदाच तर आहे.”

“एकदाच असतं सगळ्यांचं,” ते म्हणाले आणि उठून आपल्या खोलीत गेले. मोबाईल डब्यात टाकला. खाटेवर आडवे झाले. चिमटा स्वतःच लावला. स्टूल रिकामं होतं.

स्टाफमधले दोघंतिघं दारात उभे होते, एकमेकांकडे बघत. ह्यांच्या घरचं असं कुणी नव्हतंच. मी जाऊन बसले.

“चला सर,” मी म्हणाले. “घरापासून विहिरीपर्यंत.”

ते हसले. डोळे मिटले. “कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर उतरलो.”

“मंग?”

“मंग दुसरी गाडी धरली. आमच्या फाट्यावर उतरलो. उजव्या हाताला गिरणी.”

“मंग?”

“गिरणीपुढनं गेलो. लिंबाचं झाड. पाराला वळसा घातला.”

मी चिमट्याकडे बघत होते. ऐंशी. चौऱ्याऐंशी. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं इथं आलेलं प्रत्येक माणूस घरातून निघालं होतं. हे एकटे बाहेरून घराकडे चालले होते.

“मंग?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“मंग आमचं दार. कुलूप हाय.”

त्र्याण्णव.

“राहू द्या,” मी म्हणाले. “राहू द्या ते घर.”

आता काय करायचं, ते मला कळेना. माझ्याकडे विहीर नाही. मला माणसांशी असं बोलताही येत नाही, मला कामं सांगता येतात. हातात डायरी होती. थांबवलेली माणसं उद्याच्या पानावर घ्यायची होती, म्हणून मी पेन काढलं आणि सवयीनं पुटपुटत लिहायला लागले.

“नऊला टँकर. सव्वानऊला जनरेटरवाला, बेल्ट बदलायचा. साडेनऊला पोटाची सोनोग्राफी, उपाशीपोटी. मोठी पाकिटं संपत आली, सांगायची.”

“मंग?” खाटेवरून आवाज आला.

मी वर बघितलं. डोळे मिटलेलेच.

“मंग दहाला गुडघ्याचा एक्स-रे. व्हरांड्यातला पडदा धुवायला द्यायचा. हिरवा.”

“मंग?”

“मंग पाण्याचा जार. वॉचमनची सुट्टी, बदली माणूस बघायचा. साडेअकराला...”

मीटिंगमध्ये मी यादी वाचायला लागले की ह्यांचे डोळे मिटायचे, आणि मला दर वेळी राग यायचा. आता मी उद्याचं पान संपवलं, शनिवारचं वाचलं. सोमवारच्या मध्यावर त्यांचा ‘मंग’ यायचा थांबला. चिमट्यावर सत्तावन्न होतं.

आम्ही त्यांना हळूच टेबलावर नेलं. मी नव्या बाईंबरोबर काचेमागे उभी राहिले. काचेच्या ह्या बाजूला मी पहिल्यांदाच आले होते. इथून माणूस लहान दिसतो आणि खूप लांब. ह्याच जागेवरून त्यांनी इतकी वर्षं इतकी माणसं बघितली होती, प्रत्येक माणूस एकटा. बाईंनी माइक माझ्याकडे सरकवला. “धीर द्या त्यांना काहीतरी.”

मला धीर देता येत नाही. मी म्हणाले, “सर?”

“ओ,” ते म्हणाले.

आणि आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं. मला काचेतून दिसलं, त्यांचं पोट हसण्यानं हलत होतं. पडद्यावर आकडा एकसष्ट झाला. बाईंनी बटणावर बोट ठेवलं होतं. टेबलावरून त्यांचा हात वर आला, तळवा आमच्याकडे करून. थांबा.

आम्ही थांबलो. साठ. पुन्हा साठ. एकोणसाठ. हात खाली गेला.

मग मशीन बोललं, त्यांच्याच आवाजात. “हां, आता दम घ्या. बास. धरा. हालू नका.” ते हलले नाहीत. स्वतःचं इतकं ऐकणारा माणूस मी बघितला नाही. “सोडा आता.”

एका रक्तवाहिनीत थोडं अरुंद झालेलं निघालं. गोळ्यांवर भागेल, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी ते नीट ऐकूनही घेतलं नाही. बाईंना विचारलं, “किती पडले?” बाईंनी आकडा सांगितला. “बराबर,” ते म्हणाले, आणि पाकिटावर तो आपल्या हातानं लिहिला.

हे बघून डॉक्टरांचं मन बदललं असेल, असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. त्यांनी ह्यांना घरी रिक्षानं पोचवलं, आठ दिवस सुट्टी दिली, फळं पाठवली. आणि एक तारखेला त्या खोलीत सोनोग्राफीचं मशीन आलं. बाकावरची माणसंही खरी होती. ते सुट्टीवरून परत आले ते एका ओळीचा अर्ज घेऊनच. ‘नाडी उतरवायला जागा नाही, तरी मला मोकळं करावं.’ माठ कुणाला हवा का विचारलं. टेप नव्या बाईंना दिली. स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला.

“ह्यात पेनं ठेवा,” म्हणाले. आणि गावाकडे गेले.

मी त्यात पेनं ठेवली नाहीत. अपॉइंटमेंटच्या वेळा मी देते, आणि वेळ किती सांगायची, हे माझ्या हातात आहे. हृदयाच्या पेशंटला मी खऱ्या वेळेच्या दीड तास आधी बोलावते. बरोबरच्या चौघांना चहाला पाठवते. पेशंटला जिन्याखाली, माझे खोके हलवून केलेल्या जागेत, आरामखुर्चीत बसवते. मोबाईल डब्यात. मग मी माझं काम करता करता विचारते, घरापासून विहिरीपर्यंत कसं जायचं म्हणून. बाई चिमट्याकडे बघत असतात. डॉक्टरांनी एकदा विचारलं, “हे हार्टचे पेशंट इतक्या लवकर का येतात हो?”

“एसटीचं टाइमटेबल, सर,” मी म्हणाले.

सगळे साठच्या खाली येत नाहीत. माझा ‘मंग’ त्यांच्यासारखा नाही. बरेचसे येतात.

मशीनमधला आवाज आम्ही बदललेला नाही. दिवसातून तीनचार वेळा दारापलीकडून तो मला ऐकू येतो. दम घ्या, धरा, सोडा. माझं पेन तेवढा वेळ थांबतं.

आणि रोज नऊ वाजता डायरीतली पहिली ओळ असते, फोन. मी ह्याच लँडलाइनवरून करते. गावाकडे त्यांनी कुलूप काढलंय. घरात ते एकटेच आहेत. फोन दुसऱ्या रिंगला उचलतात, म्हणजे जवळच बसलेले असतात. तब्येतीचं विचारलं की “बरंय” म्हणतात आणि गप्प होतात. म्हणून मी विचारत नाही. कालच्या पेशंटची नाडी कितीवर उतरली, तो आकडा सांगते. “बराबर,” ते म्हणतात. मग मी माणसांची नावं गाळून आजची यादी वाचते. टँकर, जनरेटर, पडदे, पाकिटं. ते मध्ये मध्ये “मंग?” म्हणतात. यादी फार तर पाच मिनिटांची असते.

शेवटची ओळ वाचून झाली, तरी पलीकडून आवाज येतो. “मंग?”

पुढं काही लिहिलेलं नसतं. बाकावर माणसं येऊन बसलेली असतात. मी पान उलटते आणि उद्याचं वाचायला लागते.